चौथा वाटा

आमच्या घरात खाण्याची वस्तू कधी हातावर ठेवून वाटली गेली नाही. तिचे वाटे लागायचे. रेवदंड्याच्या बाजारात कोळणी मासळीचे लावतात ना, तसे. फणसाचे गरे असोत, तळलेले बोंबील असोत नाहीतर दिवाळीच्या करंज्या, आई केळीचं पान पसरायची, त्यावर सारखे सारखे ढीग घालायची आणि आम्ही तिघं भावंडं धाकट्यापासून सुरुवात करून एकेक ढीग उचलायचो. कधी वाटे लावायचं काम आमच्यापैकी एखाद्याकडे यायचं. नियम मात्र पक्का होता. वाटे लावील त्याने शेवटी उचलायचं. त्यामुळे लावणारा जीव मुठीत धरून लावायचा, कारण उन्नीस-बीस झालं तर उन्नीस त्याच्याच पदरात पडणार.

मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा चलाखी केली होती. कापा फणसाचे दोन मोठे गरे एका ढिगाच्या तळाशी दडवले आणि वर बारीकसारीक गरे रचले. दिसायला तो वाटा सगळ्यांत किरकोळ, तेव्हा तो कुणी घेणार नाही आणि शेवटी मलाच राहील, असा माझा हिशोब. दादाने सरळ तोच उचलला. मी भोकाड पसरलं. आई हसून मला म्हणाली, "बाय, तू सारखी त्याच वाट्याकडं बघत व्हतीस. वाटे लावणाऱ्याच्या डोळ्यांकडं बघायचं, वाट्याकडं न्हाय. म्हणजे समजतं."

दुसरा नियम बाबांनी घातलेला. आई पूर्वी आम्हा चौघांचे चारच वाटे लावायची आणि स्वतः पानाला चिकटलेलं खायची. एके दिवशी बाबा चिडले. म्हणाले, "घरात माणसं पाच आणि वाटे चार? तू काय वारा खातेस? लावणाऱ्याचा वाटा लागलाच पाहिजे." तेव्हापासून आमच्याकडे पाच वाटे लागत आले. शेवटी उरेल तो आईचा, हे आम्हा तिघांनाही आपल्या नावाइतकं पाठ होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे जे झालं ते आम्हाला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं कुणाला वाटायला नको.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटली की सुपारीच्या वाडीत राबायचे. घर आणि वाडी यांचं काय करायचं ते त्यांनीच हयातीत कागदावर करून ठेवलं होतं, त्यावरून कुणाची कुरकुर नव्हती. दादा मुंबईत मोठ्या सोसायटीत राहतो. मी अलिबागला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. घर आणि वाडी धाकट्याकडे आली. त्याने वाडीत चार खोल्या बांधल्या, रस्त्यावर पाटी लावली, आणि शनिवार-रविवारी मुंबईची माणसं तिथे उतरतात. पुढच्या ओटीवर त्यांची जेवणाची टेबलं आली. आई सरकत सरकत मागच्या पडवीत गेली. तिथे तिची खाट, एक शेगडी आणि तिचा स्वयंपाक. तिचं म्हणणं एवढंच होतं की पाहुण्यांसाठी शिजवलेलं ते तेलकट माझ्या पोटाला मानवत नाही, मी माझ्यापुरतं करून खाईन. करतही होती. सकाळी दोन भाकऱ्या, कधी वालाचं बिरडं, कधी नुसतं नारळ वाटून केलेलं सार. त्या एका शेगडीवर ती त्या घरात मालकिणीसारखी जगत होती.

गेल्या श्रावणात ती विहिरीजवळच्या शेवाळावर पाय घसरून पडली. मनगटावर निभावलं. प्लॅस्टर सुटल्यावर तिने आम्हाला एकेकाला फोन केला. "बाबांच्या श्राद्धाला सगळी या. मी हाय तवर माझ्या हातानं वाटून टाकते. माझ्यामागं तुमची तोंडं वाकडी व्हायला नकोत."

वाटायला होतं तरी काय? दोन बांगड्या, बाबांची अंगठी, कानातल्या मोत्याच्या कुड्या. तीन पितळेची भांडी, समयांची जोडी, तीन बऱ्या साड्या. पण दादा आणि वहिनी रो-रो बोटीने गाडी मांडव्याला उतरवून सकाळी नऊलाच हजर. एरवी श्राद्धाला वडे तळून झाल्यावर येणारी माणसं ही. गाडीची डिकी आधीच रिकामी करून आणली होती. धाकट्याने त्या शनिवारी खोल्या कुणाला दिल्या नव्हत्या, आणि ते त्याने जेवताना दोनदा ऐकवलं. बापाच्या श्राद्धाला आपण किती मोठा त्याग केला, हे बापाच्याच पानाशेजारी बसून सांगणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. वर खिरीची तिसरी वाटी मागून घेतली.

जेवणं झाली. कावळ्याला ठेवलेलं पान जेवणांआधीच कावळ्याने एकदाचं शिवलं होतं. आईने माजघर पुसून घेतलं आणि जेवणासाठी आणलेल्या पानांपैकी उरलेली चार पानं जमिनीवर ओळीने मांडली. मग एकेक वस्तू आणून त्यावर ठेवू लागली. कुणाला हात लावू दिला नाही. बरं झालेलं ते मनगट तिला अजून साथ देत नव्हतं, घंगाळ तिने जमिनीवरून ढकलत आणलं. पहिल्या पानावर ते घंगाळ, एक बांगडी, लग्नातला शालू. दुसऱ्यावर कळशी, दुसरी बांगडी, एक साडी. तिसऱ्यावर समया, बाबांची अंगठी, उरलेली साडी.

चौथ्या पानावर तिने काय ठेवलं ते ऐका. भाकरीचा लोखंडी तवा. पितळेची एक लहान पातेली. मोरळी, म्हणजे पुढे खवणी असलेली आमची विळी, जिच्या पाटाला तिच्या बसण्याने खळगा पडला होता. बाबांच्या जुन्या सदऱ्यांची तिने शिवलेली गोधडी. आणि गोधडीच्या घडीवर तिच्या कुड्या. त्या तिने त्या दिवशी सकाळी कानाला खोबरेल चोळून चोळून काढल्या होत्या, कारण वाटणीत काही मागे ठेवायचं नाही, असा तिचा न्याय. कानांची भोकं ओघळून लांबट झालेली होती, ती मला पहिल्यांदा दिसली.

माणसं चार. वाटे चार. याहून सोपं गणित मास्तरांच्या घरात कधी कुणाला पडलं नसेल.

"धाकट्यापासून उचला," आई म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली.

तेवढ्यात दादाने खिशातून एक आकडीचा काटा काढला. विमानाने जाताना बॅग तोलायला लोक वापरतात तो. "नुसता अंदाज घेतो," म्हणाला, आणि बाबांचं आंघोळीचं घंगाळ त्या आकडीला लटकवून उचललं. मग कळशी. मग दोन्ही समया. ओठ हलत होते. आई बघत होती. खाटकाच्या दुकानात जसं लटकवतात तसं ते घंगाळ गरगर फिरत होतं. पण मी 'दादा, ठेव ते' असं म्हटलं नाही. वजनात माझं लक्ष होतं. कळशी हलकी निघाली, हे मी मनात नोंदवलंसुद्धा.

धाकट्याने घंगाळ घेतलं. त्याचं आधीच ठरलेलं होतं. "बाहेर पाणी भरून ठेवणार, वर कमळं. लोक फोटो काढतात," तो म्हणाला. कमळं प्लॅस्टिकची, हे त्याने सांगितलं नाही. ती त्याने आणून ठेवलेली होती. मग माझी पाळी. समया जड होत्या, पण बांगडीत सोनं अंगठीहून जास्त दिसत होतं. मी कळशीचं पान ओढलं. दादाने समया घेतल्या आणि अंगठी तिथल्या तिथे करंगळीत घालून बघितली.

मग आईने भिंतीची पाठ सोडली. बसल्या जागेवरून थोडी पुढे सरकली आणि आपला वाटा घ्यायला हात पुढे केला.

"अय्या, हा एक राहिलाच की!" वहिनी म्हणाली. "याचेही तीन करून टाकू या ना, आई. म्हणजे कुणाच्या मनात काही राहायला नको."

वहिनी परक्या घरची, तिला आमचे नियम ठाऊक नसतील, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. असेलही तसं. पण आम्ही तिघं तर त्या पानावर वाढलो होतो ना? दादाने एकदम मोबाइल काढला आणि रो-रोची वेळ बघू लागला. धाकटा तव्याकडे बघत होता. आईचा पुढे आलेला हात तसाच थोडा वेळ राहिला. मग तिने पानाची दुमडलेली कड सरळ केली, जणू त्यासाठीच हात पुढे केला होता.

मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. तिनेच शिकवलेलं. ती माझ्याकडेच बघत होती. दादाकडे नाही, धाकट्याकडे नाही. मुलगी आहे, ही बोलेल, असं तिला वाटत असणार. 'अगं वहिनी, तो आईचा वाटा' इतकंच म्हणायचं होतं. तेवढ्याने सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं, आणि वहिनी जीभ चावून गप्प बसली असती.

"तवा मला लागेल," धाकटा म्हणाला. "लोकांना चुलीवरची भाकरी हवी असते. पातेलीपण दे, पिठलं त्यातच वाढू. आई, तुला आता कशाला? तुझं ताट आमच्यातनं येईलच की."

"कुड्या आमच्या मनीसाठी," वहिनी म्हणाली. मनी म्हणजे तिची सहावीतली मुलगी, जिचे कान अजून टोचलेले नाहीत.

आणि मी म्हणाले, "मग मोरळी मी घेते."

आजपर्यंत मी पुष्कळ खोटं बोलले आहे, कचेरीत तर रोजच बोलते, पण या खऱ्या वाक्याइतकी शिसारी मला कशाचीच आली नाही. का घेतली? मी घेतली नसती तर धाकट्याने ती भिंतीवर टांगली असती, हे एक कारण मी तयार ठेवलं होतं. चार दिवसांनी हळूच आणून देऊ, हे दुसरं. खरं कारण एवढंच की सगळे घेत होते आणि मला कमी पडायला नको होतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात म्हणतात. आमची आई तर जिवंत होती आणि समोर बसली होती.

"घ्या," आई म्हणाली.

वहिनीने कुड्या आधी स्वतःच्या कानात घालून बघितल्या. एकीची फिरकी बसेना. तेव्हा आई उठली, तिच्यामागे उभी राहिली आणि दुखऱ्या मनगटाने ती फिरकी घट्ट करून दिली. "जपून गं, मळसूत्र जुना हाय," म्हणाली. वहिनीने मान हलवून मोती हलतात का ते बघितलं. मला त्या क्षणी तिच्या कानफटात द्यावीशी वाटली, आणि माझ्या मांडीवर मोरळी होती.

गोधडी मात्र कुणी घेतली नाही. वहिनीने ती दोन बोटांनी उचलून नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. "कितीही धुतली तरी वास जाणार नाही हिचा," ती म्हणाली. बाबांच्या सदऱ्यांचा वास.

दादाची गाडी साडेतीनच्या सुमारास निघाली. निघताना तो आईच्या पाया पडला, आणि करंगळीतली अंगठी तिच्या पायांना लागली. मी कळशी आणि मोरळी घेऊन रेवदंड्याच्या नाक्यावरून अलिबागची रिक्षा धरली. रिक्षातल्या शेजारच्या बाईने विचारलं, "बाजारातून घेतलीत काय ही मोरळी? आताशा अशी मिळत नाही हो कुठं." मी 'हो' म्हणाले.

घरी आणून ती मी माळ्यावर टाकली. आमच्या सपाट ओट्याच्या स्वयंपाकघरात खाली बसून कोण खवतो? मला मिक्सर आहे. खवलेला नारळ पुडीत मिळतो. चार दिवसांचे चार आठवडे झाले, मग पाच महिने झाले. मध्ये मी दोनदा आईकडे जाऊन आले आणि दोन्ही वेळा मोरळी न्यायची विसरले. विसरले म्हणजे काय, पिशवीत घालताना लाज वाटायची, म्हणून काढून ठेवायची. परत दिली तर घेतली होती, हे कबूल करावं लागतं.

दोन्ही वेळा आईच्या शेगडीवर झाकण होतं. तिचं ताट धाकट्याकडून यायचं, वर दुसरी थाळी पालथी घालून. एकदा मी उघडून बघितलं. आदल्या दिवशीच्या पाहुण्यांची उरलेली पनीरची भाजी, वर तेलाचा लाल तवंग, आणि घट्ट झालेली पोळी. "खातेस का हे?" मी विचारलं. "थोडा खाते," ती म्हणाली, "बाकीचा मांजर खाते." कानांत तिने केरसुणीच्या हिराच्या काड्या घातल्या होत्या, भोकं बुजू नयेत म्हणून. कधीकाळी परत काही घालायला मिळेल, अशी आशा असल्याशिवाय माणूस काड्या घालत नाही. बाहेर ओटीपुढे घंगाळात गुलाबी कमळं तरंगत होती आणि एक पाहुणी त्यात बोट घालून फोटो काढून घेत होती.

मग फेब्रुवारीत तिचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. शेजारणीने शेतातले नवे कडवे वाल दिलेत, मी भिजवून मोड आणलेत, सोलून ठेवलेत, असं सांगितलं. मग म्हणाली,

"बाय, तुला लागत नसली तर तुझी मोरळी चार दिवस देशील काय? बिरडं खावंसं वाटतंय. नारळ कशावर खवू? परत देईन मी."

तुझी मोरळी. मी कचेरीत होते. समोर एक म्हातारे गृहस्थ दाखल्यासाठी उभे होते. त्यांना मी उगीचच खेकसून दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाले.

मोरळीचं पातं गंजलं होतं. पडवीत बसून आईने ते विटकरीच्या चुऱ्याने घासलं. तिच्या लहान पातेलीच्या जागी शेजारणीकडून मागून आणलेलं ॲल्युमिनियमचं भांडं होतं. ती त्या खळगा पडलेल्या पाटावर बसली आणि नारळ खवायला लागली. मनगट दुखत होतं, मध्येमध्ये थांबायची, पण मला करू दिलं नाही. कांदा, आलं-लसूण, वर खोबरं. दोघींनी पोटभर भात खाल्ला. कित्येक दिवसांनी तिला मी दुसऱ्यांदा वाढून घेताना बघितलं.

जेवणं झाल्यावर तिने मोरळी धुतली, पदराने कोरडी केली, पात्याला तेलाचं बोट लावलं, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्या पिशवीत घातली.

"आई, हे काय? राहू दे इथे," मी म्हणाले. "मी तुला द्यायलाच आणली आहे."

"न्हाय. तुझ्या वाट्याची हाय. वाट्यातला परत करायचा नसतो. मग बाकीच्यांनापण करावा लागेल, आणि ते काय करायचे न्हायत. उगाच तुमच्यात वाकडं."

मी रडायला लागले. खरं तर रडायचा मला काही अधिकार नव्हता. "आई, चौथा वाटा तुझा होता. मला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं."

"व्हय," ती म्हणाली. खाटेवरची गोधडी ओढून तिने मांडीवर घेतली आणि उसवलेला एक टाका बोटाने चाचपला. "वाटे लावील त्यानं शेवटी उचलायचं. ही ऱ्हायली व्हती. मी उचलली."

नाक्यावर रिक्षा भरायला वेळ होता. पिशवी मांडीवर घेऊन मी बसले. कागदातून पात्याचं टोक बाहेर आलं होतं, ते मी आत ढकललं.